दुधाच्या पिशवीबाहेरचं कॅल्शियम

मुंबई शहरात ठिकठिकाणी विखुरलेले म्हशींचे गोठे उचलून गोरेगावच्या रानात न्यायचे, असं सरकारनं ठरवलं आणि १९४९ मध्ये आरे मिल्क कॉलनी उभी राहिली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. या योजनेचे शिल्पकार दारा खुरोडी यांना पुढे १९६३ मध्ये व्हर्गिस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत दोन पिढ्यांची पहाट आरेच्या बाटल्यांच्या आवाजानं झाली. पण ज्या रानात ही दुधाची वसाहत वसली, तिथे वारल्यांचे पाडे त्याच्या कितीतरी आधीपासून होते आणि आजही आहेत. भात, नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, पावसाळ्यातल्या रानभाज्या, ओढ्यातले मासे-खेकडे असं त्यांचं पारंपरिक जेवण. दुधाला त्यात फारशी जागा नव्हतीच. कॅल्शियम फक्त दुधातूनच मिळत असतं, तर या पाड्यांवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या डोंगर चढली-उतरली नसती.

हे आता आठवायचं कारण, दूध न पिणाऱ्यांची संख्या उपनगरांत वाढते आहे आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. कुणाला दूध प्यायलं की पोटात गुडगुडतं. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीनं प्राण्यांच्या कळवळ्यानं व्हीगन व्हायचं ठरवलेलं असतं. कुणाच्या बाळाला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी निघते. घाटकोपर-मुलुंडच्या जैन घरांत आयंबिलाची ओळी, म्हणजे दूध-तूप वर्ज्य असलेलं नऊ दिवसांचं व्रत, सुरू असते. आणि काहींना दूध मुळात आवडतच नाही, पण हे कारण घरात कुणी ऐकून घेत नाही. या सगळ्यांना आजीपासून शेजारणीपर्यंत एकच प्रश्न येतो: ‘मग हाडांचं काय?’

प्रश्न रास्त आहे. मात्र तो दूध पिणाऱ्यांनाही विचारायला हवा. उपनगरातल्या बऱ्याच घरांत मोठ्या माणसांच्या पोटात दूध जातं ते चहातून. एका कपात पन्नासेक मिलिलिटर दूध धरलं, तर त्यातून साधारण ६० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. दिवसाचे दोन चहा म्हणजे १२०. भातावर तुपाची धार सोडली, पोळीला लोणी लावलं, तरी या हिशेबात भर पडत नाही, कारण तूप-लोण्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. ते ताकात राहून जातं. ‘आमच्याकडे दूधदुभतं भरपूर असतं’ असं म्हणणारं घरही कॅल्शियमच्या बाबतीत कोरडं असू शकतं. जगभरातल्या आहाराचा आढावा घेणाऱ्या २०१७ च्या एका अभ्यासात भारतीय माणसाचं दिवसाचं सरासरी कॅल्शियम निघालं ४२९ मिलिग्रॅम, आणि हा दूध उत्पादनात जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या देशाचा आकडा आहे.

लागतं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१० मध्ये प्रौढांसाठी दिवसाला ६०० मिलिग्रॅमची शिफारस केली होती. २०२० च्या सुधारित शिफारशीत ती १,००० झाली. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पाळी गेलेल्या बाईला १,२०० लागतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना ६५०, दहा ते बाराच्या मुलांना ८५०, आणि पुढे वाढीच्या वयात मोठ्या माणसाइतकंच किंवा काकणभर जास्तच. म्हणजे आपल्या जुन्या शालेय पुस्तकांतला आकडा आता चालणार नाही.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत. पण खरी धावपळ या एका टक्क्यासाठीच असते. हृदयाचा ठोका, स्नायूंचं आखडणं-सैलावणं, रक्त गोठणं, सगळं त्यावर चालतं. त्यामुळे रक्तातली पातळी घसरायला लागली, की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी लगेच जाग्या होतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडतात. जेवणातून येवो न येवो, रक्ताला त्याचा वाटा मिळतोच. झीज सोसतात ती हाडं. म्हणूनच ‘रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आलं’ या वाक्यात दिलासा वाटावा असं फार काही नाही. त्या चाचणीतून रक्त कळतं, हाडांची शिल्लक कळत नाही. ही शिल्लक साधारण तिशीपर्यंत वाढते, पुढे काही वर्षं टिकते, आणि बाईची पाळी गेली की झपाट्यानं उतरते.

दूध पचत नाही म्हणणाऱ्यांना घरात सहसा नाटकी ठरवलं जातं. प्रत्यक्षात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर लहानपणानंतर कमी होत जाणं हाच माणसाचा सर्वसाधारण स्वभाव आहे. मोठेपणीही ते टिकून राहणारी माणसं जगात अल्पसंख्य आहेत. मुंबईत डॉ. एच. जी. देसाई आणि डॉ. एफ. पी. अँटिया यांनी १९७० च्या सुमारास भारतीयांतल्या या कमतरतेवर काम केलं होतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निरोगी लोकांची चाचणी घेतली तेव्हा दक्षिण भारतीयांपैकी ८२ टक्क्यांना आणि उत्तर भारतीयांपैकी ६६ टक्क्यांना लॅक्टोज नीट पचत नसल्याचं दिसलं. न पचणं म्हणजे दर वेळी त्रास होणं नव्हे. अर्धा कप दूध किंवा वाटीभर दही यातल्या बऱ्याच जणांना सोसतं; दह्यात तर विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात. तेव्हा ज्यांचा आक्षेप फक्त पोटाचा आहे, त्यांनी दही-ताकावर एकदम फुली मारण्याआधी थोडं थांबून बघावं. ॲलर्जीवाल्यांना आणि व्हीगन मंडळींना ही सवलत नाही. त्यांचा मार्ग स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या डब्यांकडून जातो.

त्यातला पहिला डबा नाचणीचा. २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच गव्हाच्या पिठात तीसच्या आसपास, ज्वारी-बाजरीत तीसपेक्षाही थोडं कमी, आणि तांदळात दहाच्याही आत. १०० ग्रॅम गायीच्या दुधात ११८. प्रत्येकी पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, की तीनशे मिलिलिटर दुधाइतकं कॅल्शियम ताटात आलं. कोकणातून गिरणीत नोकरीला आलेल्या चाकरमान्यांच्या घरी ही भाकरी रोजची होती. पुढे पोळी ही सुस्थितीची खूण ठरली आणि नाचणी बाळाच्या सत्त्वापुरती आणि मधुमेह झालेल्या आजोबांपुरती उरली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून ती मॉलच्या फळीवर परतली आहे, पण बिस्किटाच्या आणि चिप्सच्या वेशात. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं, तर पुष्कळदा पहिलं नाव मैद्याचं किंवा गव्हाच्या पिठाचं असतं आणि नाचणी मागे कुठेतरी पाच-दहा टक्क्यांत अंग चोरून उभी असते. असल्या बिस्किटाला भाकरीचं श्रेय देऊ नये.

सत्त्वाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची, ही जुनी रीत. मोड आणणं उत्तमच. धान्यातलं फायटिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, ते मोड आल्यावर आणि आंबवल्यावर कमी होतं. आंबिलीचा शहाणपणा तिथे आहे. मात्र नाचणीतलं कॅल्शियम दाण्याच्या सालीकडच्या थरात जास्त असतं. वस्त्रगाळ करताना कोंड्याबरोबर त्यातलं बरंच फडक्यावर राहतं. सहा महिन्यांच्या बाळाला गाळलेलं सत्त्व ठीक आहे. मोठ्यांनी मोडाच्या नाचणीचं पीठ गाळायच्या भानगडीत पडू नये.

नाचणीतलं कॅल्शियम अंगी किती लागतं? उपलब्ध अभ्यास २०२१ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा नऊ ते बारा वर्षांच्या मुलांच्या शरीरात त्यातलं साधारण २३ टक्के टिकल्याचं दिसलं. आकडा लहान वाटेल, पण दुधातलंही कॅल्शियम काही शंभर टक्के शोषलं जात नाही. मोठ्या माणसात ते तिसाच्या आसपास असतं. दोघांत फरक आहे, दरी नाही.

दरी आहे ती पालेभाज्यांत, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ‘हिरव्या भाज्यांत कॅल्शियम’ एवढं ऐकून माणूस पालकाची जुडी उचलतो. अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या क्रायटन विद्यापीठाचे रॉबर्ट हीनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये मोजून दाखवलं, की पालकातलं फक्त पाच टक्के कॅल्शियम शरीर घेतं. त्याच माणसांनी दुधातलं २७ टक्क्यांहून अधिक घेतलं होतं. कारण ऑक्झॅलेट. ते कॅल्शियमशी घट्ट बांधलं जातं आणि आतड्यातून तसंच बाहेर पडतं. आपल्या तक्त्यांत १०० ग्रॅम पालकात कॅल्शियम ८२ मिलिग्रॅमच दिलं आहे. त्याचे पाच टक्के म्हणजे चार मिलिग्रॅम! पालक लोहासाठी आणि फोलेटसाठी खुशाल खावा, हाडांच्या नावानं खाऊ नये. हीनी आणि त्यांच्या सहकारी कॉनी वीव्हर यांनीच दोन वर्षांनी केल नावाच्या कोबीच्या भावंडाची चाचणी घेतली, तर त्यातलं चाळीस टक्क्यांच्या वर शोषलं गेलं, म्हणजे दुधापेक्षाही जास्त. केल आता अंधेरीच्या महागड्या दुकानांत मिळतो, पण त्यासाठी खिशाला खार लावायची गरज नाही. कोबी-मुळ्याचं कूळ तेच. मुळ्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला २३४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे आणि ऑक्झॅलेट कमी. बोरिवलीच्या भाजीबाजारात गिऱ्हाईक मुळे घेतं आणि ‘पाला काढून द्या’ म्हणतं. भाजीवाली तो पिरगळून टोपलीमागे टाकते. कॅल्शियमचा सगळ्यात स्वस्त स्रोत असा बाजारातच टाकला जातो.

मेथीत २७४, शेवग्याच्या पाल्यात ३१४. शेवग्याची झाडं उपनगरातल्या जुन्या सोसायट्यांच्या कंपाउंडात अजून दिसतात. शेंगांवर सगळ्यांचा डोळा असतो, पाल्याकडे कुणी बघत नाही. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करायची प्रथा आहे. दह्यादुधाच्या देवाच्या सणाला दुधाबाहेरच्या कॅल्शियमची भाजी, हा योगायोग असला तरी मोठा गमतीचा आहे. माठ आणि राजगिऱ्याचा पाला कागदावर ३३० दाखवतो, पण त्यांत ऑक्झॅलेट भरपूर, तेव्हा त्यातून हाती थोडंच लागतं. अळूचंही तसंच. घशाला खाज येते ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी. चिंच किंवा आमसूल घातल्यानं ती मरते. म्हणून अळूवडीला आणि गुजराती शेजाऱ्यांच्या पात्र्यालाही आंबट लागतंच. खाज गेली म्हणजे सगळं ऑक्झॅलेट गेलं असं मात्र नाही. अशा भाज्या भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून दिलं, तर विरघळणारं ऑक्झॅलेट बरंच निघून जातं.

तिळाची कीर्ती सगळ्यात मोठी आणि गोंधळही त्याच्याभोवती सगळ्यात जास्त. तक्त्यात १०० ग्रॅम पांढऱ्या तिळात १,२८३ मिलिग्रॅम आहे, दुधाच्या दहापट! समाजमाध्यमांवर हा आकडा फिरत असतो. दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, शंभर ग्रॅम तीळ कुणीही रोज खात नाही. एका मोठ्या चमच्यात नऊ-दहा ग्रॅम बसतात, म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर. दुसरी, हे कॅल्शियम बहुतेक सालीत असतं आणि तिथे ऑक्झॅलेटही असतं, त्यामुळे त्यातलं साधारण पाचवा हिस्साच अंगी लागतो. आणि साल काढलेल्या पॉलिशच्या तिळात, जे संक्रांतीच्या लाडवासाठी ‘छान पांढरे’ म्हणून आवर्जून घेतले जातात, ते कॅल्शियम सालीबरोबर गेलेलं असतं. अमेरिकी तक्त्यांत सालासकट तिळाचा आकडा ९७५ आणि साल काढलेल्या तिळाचा अवघा ६० आहे. घ्यायचे तर मळकट दिसणारे गावठी तीळ घ्यावेत आणि भाजून, कुटून खावेत. अख्खा तीळ दाताखाली सापडतच नाही.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या गुजराती फरसाणवाल्यांकडे हिवाळ्यात कचरियू येतं. तीळ, गूळ, सुंठ आणि गंठोडा घाण्यात एकत्र कुटून केलेला तेलकट, काळपट गोळा. चव पहिल्या घासाला अवघड वाटते, मग हात आवरत नाही. काळे तीळ, सालासकट, कुटलेले. तिळाचं काय करावं याचं उत्तर त्या बरणीत आहे. आपल्याकडच्या कारळ्याच्या, जवसाच्या आणि तिळाच्या चटण्यांचं काम तेच, फक्त त्या चमच्याच्या टोकावर न घेता चांगल्या चमचाभर घ्यायला हव्यात. राजगिऱ्याच्या दाण्यात १६२, हळिवात तीनशेच्या वर. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देणाऱ्या आज्यांनी तक्ते वाचले नव्हते, पण दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागणाऱ्या बाईच्या हातात त्यांनी नेमका तोच लाडू ठेवला.

कडधान्यांत कुळीथ आघाडीवर: १०० ग्रॅमला २६९. मटकी आणि हरभरा दीडशेच्या घरात, सोयाबीन दोनशेच्या आसपास. सोयाबीनचं टोफू दुधाच्या डेअरीतच पनीरशेजारी थंड कपाटात असतं. दूध फाडायला लिंबू, तसं सोयादूध फाडायला क्षार लागतो. तो कॅल्शियम सल्फेट असेल तर टोफूत भरपूर कॅल्शियम उतरतं. मॅग्नेशियमचा असेल तर फारसं नाही. पाकिटावर हे छापलेलं असतं, दोन सेकंद लागतात. बदामाच्या, ओटच्या आणि नारळाच्या ‘दुधा’चंही असंच. फक्त रंग पांढरा असतो. दहा बदाम वाटून घरी केलेल्या पेल्यात जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅम येतं. बाजारच्या डब्यात वरून कॅल्शियम घातलेलं असेल, तरच तो दुधाची जागा घेतो. आणि ते तळाशी बसतं, म्हणून डबा खळखळून हलवल्याशिवाय ओतू नये.

मासे खाणाऱ्यांचं काम सोपं आहे, अट एकच: काट्यासकट खायचं. माशाचं कॅल्शियम त्याच्या मांसात नाही, हाडात आहे. सुरमईच्या जाड तुकडीतून प्रथिनं मिळतील, कॅल्शियम नाही. मांदेली कुरकुरीत तळून अख्खी खाल्ली, जवळा कांद्यावर परतला, तर मिळेल. सुक्या बोंबलात १०० ग्रॅमला सुमारे १,४०० मिलिग्रॅम असतं. वीस ग्रॅमचा हिशेब केला तरी पावणेतीनशे. मधला काटा ओढून टाकला की अर्थातच नाही. अंधेरीच्या एका टोकाला वेसावे कोळीवाड्यात बोंबील वलांडीवर उन्हात लटकलेले दिसतात, दुसऱ्या टोकाला मरोळचा सुक्या मासळीचा बाजार आहे, जिथे कोळणी टोपल्या मांडून बसतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून त्याआधी मे महिन्यात आगोटीची खरेदी होते. बोंबील, जवळा, करंदी वर्षाच्या बेगमीला भरले जातात. बोंबील आणि जवळा बहुधा मिठाशिवाय सुकवतात, हाही फायदाच आहे. शरीर मीठ लघवीतून बाहेर टाकतं तेव्हा सोबत थोडं कॅल्शियमही जातं. खारवलेली सुकी मासळी, पापड आणि लोणचं यांचा मारा असेल, तर एका हातानं घेतलेलं दुसऱ्या हातानं निसटतं.

आयंबिलाची गोष्ट वेगळी आहे. चैत्र आणि आश्विनात नऊ-नऊ दिवस चालणाऱ्या ओळीत दिवसातून एकदाच, उकडलेलं-भाजलेलं साधं धान्य-कडधान्य खातात. दूध, दही, तूप, तेल, गूळ सगळं वर्ज्य, हिरवी भाजीही नाही. म्हणजे दुधाचा मार्ग बंद आणि पाल्याचाही. नऊ दिवसांत हाडांचं काही बिघडत नाही. पण वर्धमान तप करणारे एक आयंबिल आणि एक उपवास, दोन आयंबिलं आणि एक उपवास, असं चढत शंभरापर्यंत जातात. त्यात ५,०५० आयंबिलं आणि १०० उपवास होतात, सलग केलं तरी चौदा वर्षांहून जास्त काळ. इतकी मोठी तपश्चर्या हाती घेणाऱ्यांनी, विशेषतः पन्नाशीच्या बायकांनी, आधी हाडांची घनता मोजून घेणं यात श्रद्धेला कुठेही बाधा येत नाही.

हे सगळं एका दिवसाच्या ताटात बसतं का? सकाळी तीस ग्रॅम नाचणीची आंबील: १०९. दुपारी नाचणीच्या दोन भाकऱ्या: ३६४. शंभर ग्रॅम मेथीची भाजी: २७४. रात्री तीस ग्रॅम कुळथाचं पिठलं आणि भात: ८१. दिवसभरात दहा ग्रॅम सालाच्या तिळाची चटणी: १२८. बेरीज ९५६. एक थेंबही दूध नाही, आणि यातलं काहीही परदेशातून आणावं लागत नाही. पण या ताटात एक पदार्थही ‘वरून भुरभुरायला’ नाही, हे नीट बघावं. पोळी-भात तोच ठेवून त्यावर चिमूटभर तीळ टाकणाऱ्याची बेरीज तीनशेच्या पुढे जाताना मारामार होते. दूध सोडायचं तर धान्य बदलावं लागतं. बाकीच्या सगळ्या युक्त्या त्यानंतरच्या.

लहान मुलांबाबत पुण्यात एक चांगला प्रयोग झाला आहे. तिथल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेच्या डॉ. अनुराधा खाडिलकर, डॉ. वीणा एकबोटे आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना धान्य-कडधान्याचे लाडू वर्षभर दिले. एका गटाच्या लाडवात कॅल्शियम वाढवलेलं होतं, दिवसाला ४०५ मिलिग्रॅम. दुसऱ्या गटाच्या साध्या लाडवातून १५६ मिळत होतं. ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना दिलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पहिल्या गटाच्या हाडांतली खनिजं ३५ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची २८ टक्क्यांनी. मुलांनी लाडू आनंदानं खाल्ले असणार, यात शंका नाही. दुधाच्या पेल्यामागे धावणाऱ्या आयांनी हा मुद्दा टिपून ठेवावा.

ड जीवनसत्त्वाचा उल्लेख आलाच आहे. ते नसेल तर नाचणी काय आणि दूध काय, कॅल्शियम आतड्यातून पुढे सरकत नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये मुंबईतल्या २५ ते ३५ वयाच्या निरोगी तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ७० टक्के जणांत ड जीवनसत्त्व कमी होतं. उन्हाच्या शहरात हे कसं? सकाळी अंधारात लोकल, दिवसभर काचेआड ऑफिस, परतताना पुन्हा अंधार. आणि घराच्या खिडकीसमोर सात फुटांवर पुनर्विकासाचा टॉवर. काचेतून आलेल्या उन्हानं ड जीवनसत्त्व तयार होत नाही.

दूध न घेणाऱ्यांना हाडांचा धोका अजिबात नाही, असं सांगणारेही भेटतात. त्यांनी इंग्लंडचा ‘एपिक-ऑक्सफर्ड’ अभ्यास बघावा. २००७ मध्ये त्यात व्हीगन लोकांत हाडं मोडण्याचं प्रमाण तीस टक्क्यांनी जास्त दिसलं. मात्र दिवसाला किमान ५२५ मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांत हा फरक उरला नव्हता. २०२० मध्ये त्याच अभ्यासाच्या सुमारे ५५ हजार लोकांच्या पुढच्या पाहणीत व्हीगनांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहारींच्या दुपटीहून जास्त निघालं, आणि कॅल्शियम, प्रथिनं, वजन हे सगळं हिशेबात धरूनही तो फरक पूर्ण पुसला गेला नाही. दूध सोडणं चालेल. त्याच्या जागी काहीच न ठेवणं चालणार नाही.

विड्याच्या पानाला लावायचा चुना गव्हाच्या दाण्याएवढा रोज खा, असा सल्ला मोबाइलवर हमखास येतो. चुन्यात कॅल्शियम आहे हे खरं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि तिथल्या रोटीला त्यातून कॅल्शियम मिळतं. पण तिथे चुना भांडंभर पाण्यात विरघळलेला असतो आणि नंतर मका धुतात. कच्चा चुना दाहक आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजते, आणि ‘दाणाभर’ हे काही औषधाचं माप नव्हे.

गोळी घ्यावी लागलीच, तर कॅल्शियम कार्बोनेटची जेवणाबरोबर घ्यावी; सायट्रेटची केव्हाही चालते. शरीर एका वेळी पाचशे मिलिग्रॅमपर्यंतच नीट शोषतं, त्यामुळे हजाराची एकदम गिळण्यात अर्थ नाही. लोहाच्या गोळीसोबत ती घेऊ नये, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावी. कट्टर शाकाहारींनी वेष्टन वाचावं. काही गोळ्यांतलं कॅल्शियम समुद्री शिंपल्यांचं असतं.

आणि शेवटी बी-१२. शाकाहारी घरात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच येतं. दूध सुटलं की तो दरवाजाही बंद होतो, आणि नाचणी, तीळ, मेथी यांपैकी कुणीही तो उघडू शकत नाही. मासे-अंडी न खाणाऱ्यांना बी-१२ ची गोळी घ्यावीच लागते. तेव्हा औषधाच्या दुकानात जाण्याआधी आठवडाभर काय काय खाल्लं ते एका कागदावर लिहून काढा, दूध बंद केल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि रक्ततपासणी करायची झालीच, तर कॅल्शियमच्या आधी ड आणि बी-१२ ची करून घ्या.